विहिरीतले विजूचे मासे

विजू, विहिरीतले मासे अजून आहेत.

हे आधी सांगते, कारण फोनवर तू आधी हेच विचारायचीस. आईंचे गुडघे, तुझ्या दादांचं दुकान, पाऊस किती झाला, हे सगळं मागाहून. "वहिनी, माझे मासे दिसले का गं?" मी म्हणायचे, दिसले. खरं तर ते रोज दिसत नाहीत. दुपारी ऊन सरळ आत उतरतं तेवढा वेळच पाणी उघडतं, आणि मग खोल कुठेतरी निळसर रेघा हलल्यासारख्या वाटतात. मासा दिसतच नाही, त्याच्या अंगावरचे पट्टे तेवढे दिसतात. पण तू लांब होतीस, आणि तुला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

तुला पोचवून सगळे परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाणी काढायला गेले. कळशी खाली सोडली आणि दोर हातातच राहिला. घर माणसांनी भरलेलं होतं. कुणी रडत होतं, कुणी चहाला दूध आहे का विचारत होतं. खाली पट्टे आपले नेहमीसारखे हलत होते. मला वाटलं, यांना कुणी सांगितलेलं नाही.

सांगायचं माझ्याच अंगावर असतं का गं सगळं? तुला माहीत आहे मी कशी आहे ती. लग्न होऊन महाडात आले तेव्हा मी दारामागे उभी राहून बोलायची. आईंपुढे तर नाहीच. आज इतकी वर्षं झाली, अजून त्यांना "जेवायला वाढू का" यापलीकडे चार वाक्यं सलग बोलायचं म्हटलं की मी दाराआड सरकते. आणि तू त्या दवाखान्यातल्या खाटेवरून माझा हात धरून म्हणालीस, "आईला तू सांग मी काय करत होते ते. मला कधी सांगता आलं नाही. तुला येतं सांगायला."

मी म्हटलं, "मला? चौथी शिकलेलीला?"

तू डोळे मिटून हसलीस. "तुला सगळं येतं. आणि आईने बरोबर जागी ठेवली होती, तेही सांग. विसरू नकोस."

एवढंच काम सांगून गेलीस. दुसरं काही मागितलं असतंस तर बरं झालं असतं.

तेराव्यापर्यंत माणसं येत होती. आई ओटीवर भिंतीला टेकून बसायच्या आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, विजया नक्की कुठल्या खात्यात होती? आई म्हणायच्या, "मास्यांचं कायतरी." कुणी म्हणालं, मत्स्यखातं का? आई मान हलवायच्या. कुणी म्हणालं, माशांची डॉक्टर होती वाटतं. त्यालाही आई मान हलवायच्या. मी आत चहा गाळत असायचे आणि माझ्या तोंडात सगळं उत्तर तयार असायचं. ते मी चहाबरोबर बाहेर नेत असे आणि कप ठेवून तसंच परत आणत असे.

तू मला पहिल्याच दिवशी सांगितलंस, मला वन्सं म्हणायचं नाही. मी घाबरले. कुडपणहून निघताना माझ्या आयेने दोनच गोष्टी बजावल्या होत्या, सासूपुढं नजर खाली आणि नणंदेला वन्सं. तू कॉलेजात होतीस, दोन वेण्या, बोटांना शाई. म्हणालीस, "वन्सं म्हटलंस तर मी ओ देणार नाही. विजू म्हण." मग मी काहीच म्हणत नसे. तुला हाक मारायची असली की तुझ्याजवळ येऊन उभी राहायची. तू वर बघेपर्यंत. तू म्हणायचीस, वहिनी मांजरासारखी येते.

आमच्या कुडपणला शाळा चौथीपर्यंतच होती. त्यापुढे शिकायचं तर डोंगर उतरून पोलादपूरला, आणि मुलींना कोण पाठवतंय. मी अक्षरं विसरत चालले होते. तू मला वर्तमानपत्र वाचायला लावलंस, पोळ्या लाटताना. एक पोळी, एक बातमी. पोळी करपली की म्हणायचीस, ही बातमी मोठी होती. आज मी हे लिहिते आहे ते त्या करपलेल्या पोळ्यांवर. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून हात मोकळा चालतो आहे.

मग तू पुढे पुढे शिकत गेलीस. मुंबई, मग त्याहून लांब, दक्षिणेकडे कुठेतरी मोठ्या प्रयोगशाळेत. तू तिथे काय करतेस हे घरात कुणी विचारलं नाही. मला विचारायचं होतं, पण मी कसली विचारते. आणि मग त्या दिवाळीला तू एसटीतून उतरलीस ती मांडीवर प्लास्टिकचा डबा घेऊन. डब्याच्या झाकणाला भोकं, आत पट्टेरी मासे, करंगळीपेक्षा लहान. कंडक्टरने म्हणे तुला विचारलं होतं, "ताई, एवढ्याशा मास्यांचं कालवण किती जणांना पुरणार?" आणि तू त्याला म्हणालीस, "हे मासे खायचे नाहीत हो, यांच्याकडून शिकायचं आहे." तो म्हणाला, "मग यांचं अर्धं तिकीट लावू काय?"

नरक चतुर्दशीच्या पहाटे आईंनी अंघोळीसाठी घरभर दिवे लावले आणि तुझ्या माशांना वाटलं, उजाडलं. तू न्हाणीत, अंगाला उटणं लावलेलं, आणि मी डब्याजवळ. तळाशी बारीक बारीक मणी पडायला लागले. राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, पण काचेचे. मी पहिल्यांदा तुझ्या नावाने ओरडले. पहिल्यांदाच. "विजू!" तू तशीच ओल्या केसांनी धावत आलीस. मणी बघितलेस की माझी हाक ऐकलीस, तू कशाने एवढी हसलीस ते मला कळलं नाही.

तो दिवस मला आजही स्वप्नासारखा वाटतो. खिडकीत तू तुझं जुनं सूक्ष्मदर्शक यंत्र ठेवलंस, बशीत ते मणी, आणि दर थोड्या वेळाने मला स्वयंपाकघरातून ओढून नेत होतीस. शंकरपाळे तळता तळता मी एका डोळ्याने आत बघायची. आधी नुसता गोळा. मग त्याचे भाग. मग एक लांबट सावली, गोळ्याभोवती मिठी मारल्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सावलीच्या पाठीवर बाणासारखे कप्पे दिसायला लागले, एकापुढे एक, आणि सगळं आरपार. माझ्या डोळ्यादेखत ती शेपटी एकदा हलली. झोपेत मूल दचकतं तशी. मी यंत्रापासून मागे सरले. मला वाटलं, मी कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरले आहे.

"हे हललं कशाने?" मी विचारलं.

"तेच तर मी शोधते आहे," तू म्हणालीस. "हलायला स्नायू लागतात. मांस. पण सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच असतात गं. मग एक पेशी तांबडं मांस होते, एक पांढरं होते. हे त्यांना कोण सांगतं?"

मला समजेना. तू मला अंगणात नेलंस. मी रांगोळीसाठी सारवून ठेवलेली जागा होती, तीच घेतलीस. मधोमध पांढऱ्या रांगोळीचा एक गोल काढलास. "ही दोरी. पृष्ठरज्जू म्हणतात. माशाच्या अंगातून डोक्याकडून शेपटीकडे जाते. मासा मधोमध आडवा कापला तर ती अशी गोल दिसेल." गोलाला लागून दोन्ही बाजूंना लाल रंगाचे ठिपके. त्यांच्या बाहेर पांढरे, खूप. सगळ्यांभोवती एक मोठं वर्तुळ, ती कातडी.

"या दोरीतून एक रेणू निघतो. सांगावाच समज. दोरीला लागून असलेल्या पेशींना तो भरपूर मिळतो, त्या तांबड्या होतात. लांब असणाऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर तो विरत जातो. त्या पांढऱ्या होतात."

मग मी जे बोलले ते मला आठवतं, कारण तुझ्यापुढे मी एवढं लांब कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "आमच्याकडं हाळी देतात तसं." कुडपणला कुणाकडे पाहुणा आला, कुणी आजारी पडलं, की माणूस डोंगरमाथ्यावरच्या सड्याच्या कडेला उभा राहून हाळी द्यायचा. जवळच्या वाडीला शब्द कळायचे. त्या पलीकडच्या वाडीला नुसतं नाव कळायचं. आणि खालच्या दरीतल्या वाडीला नुसता आवाज, तेवढ्यावर ते ओळखायचे की वर काहीतरी झालं. हाळी एकच, पण ज्याच्या त्याच्या अंतराप्रमाणे ज्याचं त्याचं काम ठरायचं.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. म्हणालीस, "वहिनी, मी हे असंच सांगणार यापुढे." आणि मग बोट रांगोळीत घातलंस. "आता गंमत बघ. या ज्या दोरीला लागून होत्या ना, सगळ्यात आत, त्या तिथे राहत नाहीत." तू एक लाल ठिपका बोटाने ओढत नेलास, पांढऱ्या ठिपक्यांमधून वाट काढत, थेट बाहेरच्या वर्तुळापर्यंत. मग दुसरा. मग तिसरा. पांढऱ्यातून लाल वाटा गेल्या. "सगळ्यात जवळ जन्मलेल्या, सांगावा सगळ्यात जास्त ऐकलेल्या, त्याच चालत चालत सगळ्यात लांब जातात. कातडीच्या खाली जाऊन राहतात."

"कशाला?"

"दिवसभर पोहायला. पांढरं मांस जोरात उडी मारायला, पळून जायला. पण ते दमतं. तांबडं दमत नाही. वाळणच्या कोंडावर, नदीच्या त्या डोहात, आईचे देवाचे मासे कसे वाहत्या पाण्यात एका जागी उभे असतात बघ. ते यांच्या जोरावर."

तेवढ्यात आई बाहेर आल्या, हातात पणत्यांचं ताट. आई कोंडाला फार मानायच्या. नाते गावी माहेरी होत्या तेव्हापासून त्या कोंडातल्या माशांना कुरमुरे टाकायला जायच्या. त्या माशांना कुणी धरत नाही, ते देवीचे. तुझी रांगोळी बघून त्या थांबल्या.

"ही गो कसली रांगोळी? ना कमळ ना स्वस्तिक."

"मासा आहे, आई."

"मासा? दिवाळीत दारात मासा काढतेस? बरं, पणती कुठं ठेवू?" आणि तुझं उत्तर यायच्या आत त्यांनी वाकून एक पणती बरोबर मधल्या गोलात ठेवली, दोरीच्या जागी. ज्योत वाऱ्याने जरा लवली आणि सरळ झाली. लाल ठिपक्यांवर उजेड पडला, तिथून पांढऱ्यांवर, मग कडेला कमी कमी. आई कंबर धरत आत गेल्या.

तू माझ्या दंडाला धरलंस, घट्ट. "बघितलंस? आईने बरोबर जागी ठेवली. सांग ना तिला."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." त्या गडबडीत मी तुला पुन्हा अहोजाहो केलं. तू म्हणालीस, उद्या सांगते, रात्रीपर्यंत माशांना हृदय दिसेल, उद्या आईला यंत्राशी बसवून सगळं दाखवते. मी दुसऱ्या दिवशी आईंसाठी खिडकीत पाट मांडून ठेवला होता, गुडघ्यांमुळे उंच लागायचा म्हणून दोन पाट.

तो पाट तसाच राहिला. सकाळी तू दादांबरोबर बाजारात गेलीस. आई डब्यापाशी आल्या. माशांच्या माद्यांची पोटं पुन्हा फुगली होती. आईंनी मला विचारलं नाही, त्या कुणाला विचारत नाहीत. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "भरल्या पोटाच्या जिवांना डब्यात कोंडतात काय, सणाचं." आणि डबा घेऊन विहिरीवर गेल्या. मी मागे धावले. त्या डबा ओतत होत्या, हलक्या हाताने, बाळाच्या डोक्यावर पाणी घालावं तसं. मग परत येऊन त्यांनी बशी उचलली. "आई एकीकडं, लेकरं एकीकडं कशाला." ती बशीही विहिरीत रिकामी केली. विहिरीत मासे असावेत, पाणी निवळ राहतं, हे तर आपल्याकडे सगळेच मानतात. त्यांना वाटलं, पुण्य झालं.

तू आलीस. पुढचं तुला माहीत आहे. पण तू रागात होतीस, आणि रागात माणसाला फक्त शब्द ऐकू येतात, म्हणून मी बघितलं ते सांगते.

तू म्हणालीस, "आई, माझं काम होतं ते!"

आई म्हणाल्या, "काम? मास्यांची बाळंतपणं काढतेस, तुझं कधी?"

हे बोलताना आईंच्या हातात ती रिकामी बशी होती आणि त्या ती पदराने पुसत होत्या. पुसून झाली तरी पुसत होत्या. तू म्हणालीस, "मला नको आहे ते, आई. मी हजारदा सांगितलं." आणि आत गेलीस. त्यांचा हात तेव्हा थांबला. विजू, त्यांना टोमणा मारायचा होता, तुला दुखवायचं नव्हतं. यात फरक असतो का, यावर आपण नंतर फोनवर भांडलो होतो. तू म्हणाली होतीस, नसतो. मला अजूनही वाटतं, असतो.

तू भाऊबीज करून लगेचच्या एसटीने गेलीस. त्यानंतर तू आणि आई बोलायचात, नाही असं नाही. लोणचं पोचलं का. गुडघ्याला तेल लावतेस का. थंडी आहे का तिकडे. दोन वाड्यांना नुसता आवाज पोचत होता.

माझ्याशी मात्र तू सगळं बोललीस. घरात फोन आला तेव्हापासून तर दर रविवारी. त्या रेणूचं नाव तू सांगितलंस तेव्हा मी किती हसले. हेजहॉग. आपल्या साळिंदरासारखा दिसणारा, पण बारका, काटेरी प्राणी. माशीच्या अळीत तो रेणू नसला तर अळीच्या अंगावर काटेच काटे येतात, म्हणून हे नाव पडलं. मी म्हटलं, सांगावा न्यायला कुणी साळिंदर पाठवतं का? त्या रात्री मला स्वप्न पडलं. कुडपणला सड्यावर धुकं पडलंय, दरी भरून पांढरं, आणि एक साळिंदर हळूहळू उतरतंय. काटे मिटलेले. जिथून जाईल तिथलं धुकं तांबूस होतंय. मी त्याच्या मागे चालते आहे आणि माझे पाय ओले होत नाहीत. हे स्वप्न मला पुढे पुष्कळदा पडलं. तुला सांगितलं नव्हतं. लाज वाटली.

आणि तो बहिरा मासा. ज्याच्या पेशींना सांगावा ऐकूच येत नाही. त्याच्या अंगातले कप्पे बाणासारखे होत नाहीत, बांगडीसारखे वाकतात, आणि त्याला तांबडं मांस धरत नाही. तू अशा माशात दुसऱ्या माशाची ऐकू येणारी एकच पेशी नेऊन ठेवलीस. आणि रविवारी नव्हे, मधल्याच वारी फोन केलास. "वहिनी, गेली ती! आजूबाजूच्या सगळ्या बहिऱ्या, तरी हिने ऐकलं, तांबडी झाली, आणि एकटीच चालत कातडीपर्यंत गेली." मी विचारलं, "एकटी? वाटेत भ्यायली नाही?" मग म्हणालीस, "तिला तसं नसतं गं." तुझा आवाज तेव्हा मला एकटीचा वाटला होता. मी विचारायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. तू सांगितलं नसतंस. आपण दोघी त्या पेशीबद्दल बोललो, तेवढं पुरे होतं.

आपला एक वाद राहिला. तू म्हणायचीस, सांगावा वेळेत पोचला पाहिजे. पेशी काही काळच ऐकते. ती वेळ गेली की तिचं ठरून जातं, मग कितीही हाळी द्या. मला ते पटत नव्हतं. "मग उशिरा ऐकणारीनं काय करायचं?" मी विचारायची. तू म्हणायचीस, वहिनी, तू स्वतःबद्दल विचारते आहेस. मी म्हणायची, नाही, पेशीबद्दल. मग कितीतरी दिवसांनी तू एकदा म्हणालीस, "थोडी तू जिंकलीस. मासा मोठा होताना वरच्या आणि खालच्या कडेला नवीन तांबड्या पेशी येतात. मागाहून. त्यांना त्या दोरीच्या सांगाव्याची गरजही लागत नाही असं दिसतंय." मी विचारलं, मग त्यांना कोण सांगतं? "ते अजून कुणाला माहीत नाही," तू म्हणालीस. "माहीत झालं की आधी तुला सांगेन."

तेही राहिलं.

सुतक फिटलं. घर रिकामं झालं. दासगावची कोळीण बरेच दिवसांनी दारात आली, पाटीत सुरमई. आई म्हणाल्या, घे. मी मागच्या दारी विळी घेऊन बसले आणि आई उंबऱ्यावर. त्या हल्ली तिथेच बसतात, विहीर दिसते तिथून. मी तुकड्या पाडायला लागले. पहिली तुकडी ताटात पडली आणि माझा हात थांबला. मधोमध मणक्याचा पांढरा गोल. भोवती पांढरं मांस. आणि दोन्ही बाजूंना, कातडीच्या अगदी खाली, तांबडा-काळपट डाग. एवढी वर्षं मी मासा कापते आहे. तो डाग वासाला उग्र म्हणून मी काढून मांजराला टाकते. ताटात तुझी रांगोळी पडली होती.

आई म्हणाल्या, "थांबलीस का गो?"

मी नेहमीसारखी "काही नाही" म्हणणार होते. ओठापर्यंत आलं होतं.

तेव्हा त्याच बोलल्या. विहिरीकडे बघत. "सगळी विचारत होती, काय करायची, काय करायची. मला सांगता येत नाय. पोटची पोर, आन मला ठावं नाय ती काय करायची. तुझ्याशी बोलायची ना ती?"

मी तुकडी उचलली. हात ओला, तुकडी निसटत होती. उठून त्यांच्यासमोर जाऊन बसले, पायरीवर, त्यांच्या पायांशी. आणि बोलायला लागले, विजू. आवाज बारीक आला. पहिल्यांदा कुडपणच्या हाळीचं सांगितलं, कारण ते माझं होतं. मग मधल्या गोलावर बोट ठेवलं. म्हटलं, हा मणका. मासा अंड्यात असतो तेव्हा या जागी नुसती दोरी असते. तिथून सांगावा निघतो. जवळच्यांना सगळा कळतो, लांबच्यांना विरलेला. जवळच्या तांबड्या होतात, लांबच्या पांढऱ्या. हे कसं होतं ते विजू शोधत होती. आई, आपल्या सगळ्यांची अंगंसुद्धा पोटात असताना अशाच सांगाव्यांवर घडतात, असं ती म्हणायची.

आई तुकडी बघत होत्या. मग त्यांनी बोट लावलं त्या डागाला. "हे तांबडं तर कडेला हाय. तू म्हंतेस, मधल्याला चिकटून होतं."

हाच प्रश्न मी अंगणात विचारला नव्हता. तू आपणहून दाखवलं होतंस. आईंनी विचारला.

"ते चालत जातं," मी म्हटलं. "सगळ्यात जवळ असतं तेच सगळ्यात लांब जातं. तिथं राहून दिवसभर पोहतं. दमत नाही."

मांजर येऊन माझ्या पायाला अंग घासून गेलं. मग आई म्हणाल्या, "म्हंजे ती रुसून नाय गेली."

"नाही."

"मला वाटलं, माझ्यापासनं लांब जायचं म्हनून गेली."

मी मान हलवली. आता एकच उरलं होतं. मी म्हटलं, "आई, त्या दिवाळीला तिने अंगणात मासा काढला होता, आठवतं? तुम्ही त्यात पणती ठेवलीत."

"आठवतं तर. इकडंतिकडं जागाच नव्हती, सगळे ठिपके."

"ती दोरीची जागा होती. सांगावा निघतो ती. विजू तेव्हाच म्हणाली, आईने बरोबर जागी ठेवली. आणि दवाखान्यातही म्हणाली. तुम्हाला सांग म्हणाली."

आईंनी माझ्या हातातून तुकडी काढून घेतली आणि ताटात ठेवली. मग माझा तो माशाच्या वासाचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. एवढ्या वर्षांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. रडल्या की नाही ते मी बघितलं नाही. सासूपुढं नजर खाली, हे मला आयेने बजावलेलं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "आज ते तांबडं काढू नको. राहू दे कालवणात."

जेवताना त्यांनी तो डाग आधी खाल्ला. उग्र होता, मला माहीत आहे. तोंड वाकडं केलं नाही.

यंदा दिवाळी नाही, दारात रांगोळी नाही. पण आई हल्ली दुपारी, ऊन आत उतरायच्या वेळेला, पदरात कुरमुरे घेऊन विहिरीवर जातात. आधी तळहातावर चुरडतात, कारण तुझ्या माशांची तोंडं बारकी. मग टाकतात आणि कठड्याला धरून उभ्या राहतात, कोंडावर उभ्या राहायच्या तशा. आणि विजू, आता मासे रोज दिसतात. आता तू विचारलंस तर मी खरं सांगेन.

काल शेजारच्या काकू पाणी न्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "विजू नक्की काय करायची हो?" मी दाराआड होते. आई पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मास्याच्या अंड्यात हाळी देतात. आतून. ती कोन ऐकतं, कोन नाय ऐकत, आन ऐकून कोन किती लांब चालत जातं, ते बघायची माझी पोर."

थोडं इकडचं तिकडे झालं होतं. मी बाहेर आले, काकूंची कळशी भरून दिली, आणि आईंच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिले.